मिरास ते सातबारा : मिरजगावच्या जमिनीचा दोनशे वर्षांचा हिशेब



व्याख्यानाचा विषय कळवा म्हणून संयोजकांचा निरोप आला, तेव्हा आमच्या मनात एखादी लढाई होती, एखादा किल्ला होता. इथून जवळ खर्डा आहे, चौंडी आहे. बोलायला पुष्कळ आहे. पण गेल्या वर्षभरात आम्ही जुनी कागदपत्रं बघत या भागात हिंडलो, तेव्हा आम्हांला लढाईबद्दल कुणी काही विचारलं नाही. पोरांनी एकच विचारलं : "रोडटच दोन एकर आहे, गिऱ्हाईक आलंय, काढावी का ठेवावी?" हा प्रश्न इतिहासाच्या माणसाला विचारायचा नसतो असं आधी आम्हांला वाटलं. मग वाटलं, याच प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज मांडतो.

आधी जागा नीट बघू. मिरजगाव कर्जत तालुक्यात, नगर-सोलापूर रस्त्यावर. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण बोलण्यात अजून नगरच येतं, तेव्हा आम्हीही तसंच म्हणू. पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही परतीचा पडला तर खरा. म्हणून इथली शेती रब्बीची, ज्वारीची. काळ्या रानात ओल धरली तर कणीस, नाहीतर नुसता कडबा, आणि कधी कडबाही नाही. अशा ठिकाणी जमिनीला मोल किती? आज हा प्रश्न सोपा वाटतो, एकरी अमुक लाख. पण दोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्नच कुणी असा विचारत नव्हतं.

पेशवाईत दख्खनच्या गावात शेतकरी दोन प्रकारचे होते, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तिला त्या घराण्याच्या नावाचं थळ असे. गावच्या सभेत त्याला जागा, लग्नकार्यात मान. दुष्काळात तो परागंदा झाला तरी त्याची मिरास बुडत नसे. वर्षांनी परत आला, बाकी भागवली, की रान पुन्हा त्याचं. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, कौलानं रान कसणारा. त्याला मान कमी आणि ओझंही कमी. आता लक्षात घ्या, त्या काळात कर्ज नव्हतं असं नाही. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टननं रयतेच्या कर्जाचा उल्लेख केलाच आहे. सावकार होता, व्याज होतं, दारात धरणं धरून बसणं होतं. पण कर्जापायी मिरासदाराचं रान सावकाराच्या नावावर होणं ही नित्याची गोष्ट नव्हती. सावकाराला पीक हवं असे, रान नको असे. रान घेऊन तो करणार काय? सारा भरायचा, बैल पोसायचे, आणि गावात कुळ मिळायचं नाही.

म्हणजे जमिनीला फारसा भाव नव्हता, म्हणून ती हातात टिकत होती. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

१८१८ नंतर कंपनी सरकार आलं. १८३६ पासून इंदापूरकडून सुरू करून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची नवी पद्धत बसवली. शेताला नंबर पडला, हद्दीला दगड लागला, मातीची प्रत ठरली आणि सारा तीस वर्षांसाठी कायम झाला. आधीच्या मनमानीपेक्षा ही पद्धत कितीतरी बरी होती, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. पडीक रानं लागवडीखाली आली. पुढं १८६५ च्या कायद्यानं तर स्पष्ट केलं की सारा भरणाऱ्याचा कब्जा वारसाला जातो आणि विकताही येतो.

विकता येतो, म्हणजे गहाणही टाकता येतो. आता रानाला भाव आला.

त्याच सुमाराला दूर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. कर्जतची माती ज्वारीची, पण भाव एकट्या कापसाचे वाढत नाहीत. धान्य महागलं, मजुरी वाढली, रेल्वेच्या कामावर रोकड मिळू लागली. सावकार मागेल तेवढं देऊ लागला. का देणार नाही? तारण होतं ना. मग युद्ध संपलं, भाव कोसळले. आणि नेमक्या त्याच वेळी, १८६७ पासून, तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांत नवी सारेबंदी सुरू झाली. इंदापुरात आकार निम्म्याहून जास्त वाढला.

त्यात एक कायदा असा होता की तो केला रयतेच्या भल्यासाठी आणि पडला तिच्याच गळ्यात. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षं ठरवलं. हेतू असा, की जुनंपुराणं देणं उकरून काढू नये. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेतलं. मागचं व्याज मुद्दलात मिळवलं, त्यावर पुन्हा व्याज. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, मुद्दलाइतकंच व्याज, त्यापुढं नाही. पण खत नवं झालं की जुनं व्याजच मुद्दल होतं. मग दामदुपट कशाची मोजणार? अंगठा उठवणाऱ्याला खतात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. दिवाणी कोर्ट तालुक्याला किंवा त्याहून लांब. समन्स आलं तरी कुणबी जात नसे, गेला तर वकिलाला पैसे नसत. एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि रान जायचं.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्यानं हजामत करायची नाही, कुणी पाणी भरायचं नाही, त्याचं रान कसायचं नाही. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुपे या बाजाराच्या गावात लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. तिथून हे लोण नगर जिल्ह्यात आलं. पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि आपला कर्जत, या तालुक्यांतली गावं त्यात होती. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसवर गावं.

या उठावात एक गोष्ट फार मोलाची आहे. लोकांनी मागितली ती खतं, हुकूमनामे, दस्त. मिळाले की चव्हाट्यावर जाळले. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथं बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. रोख बाहेरून आलेल्या मारवाडी-गुजर सावकारांवर जास्त होता, हे खरं. पण सावकारी एका जातीची मिरासदारी नव्हती. गावातलेही होते, आणि आपल्यातल्या सावकाराला लोकांनी पुष्कळ ठिकाणी सोडून दिलं. हे आपण सांगितलं नाही तर तो इतिहास अर्धाच राहील. निरक्षर माणसाला एवढं पक्कं कळलं होतं की त्याचं रान नांगराच्या टोकाला नाही, कागदाच्या टोकाला बांधलंय.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्यात १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जासाठी कैद बंद झाली. न्यायाधीशाला खताच्या मागं जाऊन मूळ उसनवारी किती होती ते तपासता येऊ लागलं. जी जमीन खास गहाण लिहिलेली नाही ती कर्जात विकायची नाही, असं ठरलं. चार वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यामागं याच मुलखातल्या रयतेची दैना आहे.

पण सावकारी कायद्याच्या एक पाऊल पुढंच चालते. गहाणखताच्या मागं कोर्ट जातंय म्हटल्यावर सावकार गहाण लिहून घेईनाच. तो सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला. तोंडी बोली अशी, की पैसे फेडशील तेव्हा उलटून देईन. कागदावर विक्री, मनात गहाण. आता आम्ही सांगायला नको, यालाच आपण आजही 'मुदत खरेदी' म्हणतो. या सभेतही मुदत खरेदीत अडकलेलं एखादं रान असणार. तोंडी बोली करणारा माणूस मरतो, त्याची पोरं म्हणतात आम्हांला काही ठाऊक नाही. दीडशे वर्षं झाली, युक्ती तीच आहे.

इथं जरा बाहेर डोकावू. त्याच १८७५ साली, हजारो कोस दूर, जावा बेटावर डच सरकारनं एक फर्मान काढलं : स्थानिक माणसाची जमीन परक्याला विकायची नाही. आपल्या इंग्रजांनी विक्री खुली ठेवली आणि कोर्टाची रीत बदलली. डचांनी विक्रीच बंद केली. म्हणजे जावाचा शेतकरी सुखी झाला का? नाही. मळेवाल्यांनी आणि साखर कारखान्यांनी विकत न घेता भाडेपट्ट्यानं जमीन वापरली, काम तेच झालं. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर १९६० चा जमीन कायदा आला. पूर्ण मालकी फक्त नागरिकाला. पुढच्याच वर्षीच्या नियमानं शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा हवा. आज तिथल्या डोंगराळ भागात बटाटा-कोबी पिकवणारी गावं आहेत, एकेकाला अर्धा हेक्टरसुद्धा नाही, आणि शहरातला पैसा स्थानिक माणसाचं नाव पुढं करून जमीन धरतो. आपल्याकडे कुळकायद्याचं कलम ६३ आहे : जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि शेतकरी दाखला कसा 'निघतो' हेही आपल्याला माहीत आहे. कुंपण तिकडंही आहे, इकडंही आहे. कुंपणातली वाटही दोन्हीकडं आहे.

आता रानाच्या आकाराकडे येऊ. डॉ. हॅरोल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली पुस्तक छापलं. त्यांचे आकडे ऐका. १७७१ साली सरासरी धारण ४० एकर. १८१८ साली साडेसतरा. १८२० ते ४० च्या दरम्यान चौदा. १९१४-१५ साली सात. दीडशे वर्षांत चाळिसाचे सात! मॅनसाहेबांचा निष्कर्ष होता की बहुतेक घरांचं पोट त्या रानावर भरत नाही. आज पिंपळे सौदागर तुम्ही पाहिलं असेल. नांगर कुठं दिसत नाही, टॉवर दिसतात. तिथल्या काही घरांचं भलं झालं. पण ज्यांनी आधीच्या पिढीतच, भाव यायच्या आधी, पोरीच्या लग्नाला किंवा दुखण्याला रान काढलं, त्यांना त्यातलं काही मिळालं नाही. जमिनीच्या भावाचा इतिहास सांगताना आपण नेहमी शेवटी विकणाऱ्याचं नाव घेतो. आधी विकणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

नावाचा विषय निघाला, तर सातबाऱ्याकडे वळतो. १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली, आजचा सातबारा तिथून वाढलाय. सातबारा हातात घेतला की आपण वरचं नाव बघतो. आम्ही म्हणतो, जे नाव नाही तेही बघा.

महार वतनाची जमीन बघा. गावकामगाराची सेवा करायची, बदल्यात तुकडाभर रान. ही वतनदारी म्हणजे राबवून घेण्याचा दोर आहे हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. वतनं खालसा व्हायला १९५९ उजाडलं. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीनं. विकायची तर परवानगी काढा आणि नजराणा भरा. शर्त त्या लोकांच्या रक्षणाची म्हणायची, पण ती जमीन परस्पर दुसऱ्यांच्या वहिवाटीत गेल्याची उदाहरणं गावोगाव आहेत.

कुळांचं बघा. १ एप्रिल १९५७, कृषकदिन. कसेल तो मालक. फार मोठा कायदा, हजारो घरं त्यानं उभी केली. पण त्याच वर्षी गोखले संस्थेतून दांडेकर आणि खुदानपूर यांनी दाखवून दिलं, की आधीच्या वर्षांत कितीतरी कुळांनी 'राजीखुशीनं' जमीन सोडल्याच्या नोंदी झाल्या होत्या. राजीखुशी कसली, ते कुळालाच ठाऊक.

आणि लेकीबाळींचं बघा. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २००५ साली केंद्रानं दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं शंका फेडली, की हा हक्क जन्मानं आहे, बाप हयात असो नसो. त्याआधी, १९८९ नंतर, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. असं करणारी गावं आपल्या महाराष्ट्रात होती, हे विसरू नये.

पण आम्ही दुसऱ्याला उपदेश करणार नाही, स्वतःचं सांगतो. आमच्यातल्या एकाच्या घरात वडील गेल्यावर वारसनोंद निघाली. दोन आत्यांना सणाला बोलावलं, साड्या घेतल्या, आणि जेवणं झाल्यावर तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. धाकटी आत्या वाटेत म्हणाली, "कागद वाचून तरी दाखव रे." "आत्या, वेळ कुठंय, कचेरी बंद होईल," असं उत्तर दिलं गेलं. देणारा आमच्यातलाच. १८७५ च्या सावकारावर बोलताना आमचा आवाज चढतो. खत न वाचता अंगठा उठवून घेणारा सावकार आणि कचेरी बंद होईल म्हणणारा भाचा, यांच्यात फरक किती, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागं आहे. ती जमीन अजून विकलेली नाही. आत्याचं नाव परत लावायचं आम्ही ठरवलंय. उशीर झालाय, पण ठरवलंय.

शेवटी पाणी. पाण्याशिवाय नगर जिल्ह्यात जमिनीचं काहीच बोलता येत नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहिले, आणि त्याच उत्तर नगरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. दक्षिणेला, आपल्याकडं, पाणी नव्हतं. सीनेवर निमगाव गांगर्ड्याला धरण झालं. कुकडीचा डावा कालवा जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा ओलांडून कर्जतला येतो आणि करमाळ्याकडं जातो. आपण टोकाचे, आवर्तन आलं तरी वरची तोंडं भागून उरेल ते. १९७२ च्या दुष्काळात या तालुक्यातल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. त्या घामातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून अमलात आला. त्याच १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, कर्जतचा भाग त्यात. पक्ष्याचं रक्षण व्हायला हवंच होतं. पण शेतकऱ्याच्या खरेदी-विक्रीवर आणि बिगरशेतीवर बंधनं आली ती पुढं कितीतरी वर्षं राहिली, तोवर क्षेत्र घटवून बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

म्हणजे पहा, भाव कधीच आपण ठरवला नाही. अमेरिकेच्या लढाईनं ठरवला, सारेबंदीनं ठरवला, धरणाच्या नकाशानं ठरवला, आता चौपदरी रस्ता ठरवतोय.

तर मग विकावी का ठेवावी? आम्ही ज्योतिषी नाही. कोरडवाहू दोन एकरावर संसार होत नाही, हे मॅनसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलंय. विकणारा प्रत्येक जण मूर्ख नसतो. पोरगी शिकणार असेल, घरातलं दुखणं बरं होणार असेल, तर जमीन त्यासाठीच आहे. पण सहीच्या आधी तीन गोष्टी करा. एक, सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार काढा, तीस-चाळीस वर्षं मागं जा, आणि कोणाचं नाव कधी कमी झालं ते घरात मोठ्यानं वाचा. दोन, मुदत खरेदीच्या तोंडी बोलीवर कधीही खरेदीखत करू नका. बोली असेल तर कागदावर, आणि तोही नोंदणी केलेला. तीन, पैसे कशात जाणार ते आधी लिहून काढा, आणि तो कागद आईला, बायकोला, बहिणीला दाखवा. गाडी आणि हळद-लग्नात गेलेल्या जमिनीचे पैसे दोन पावसाळे टिकत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

१८७५ च्या लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद जाळले. आपल्याला वाचता येतं. निदान वाचून दाखवण्याइतका वेळ तरी काढू या.

कुणाकडं जुनी खतं, पावत्या, फेरफाराच्या नकला पेटीत पडून असतील तर आम्हांला दाखवा. मूळ कागद तुमच्याकडंच ठेवा, आम्हांला छायाचित्र पुरे.